रॉटरडॅमची द्राक्षं आणि बोरिवलीची द्राक्षं



अन्नतंत्रज्ञांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. संयोजकांनी मला विषय कळवला तो असा: अन्नसुरक्षा, मालाचा मागोवा आणि त्यासाठी ब्लॉकचेनचा वापर. जगात या बाबतीत काय चाललं आहे त्याचा आढावा मी घ्यावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. आढावा घेते, पण थोडक्यात. गेली कित्येक वर्षं मी एक गोष्ट मनात धरून बसले आहे आणि ती सांगायला एवढी जाणकार मंडळी एका सभागृहात पुन्हा कधी मिळतील, ठाऊक नाही.

आढाव्याची सुरुवात सगळे जिथून करतात तिथूनच करू. वॉलमार्टनं आयबीएमच्या मदतीनं एक प्रयोग केला. दुकानातलं कापलेल्या आंब्याचं एक पाकीट उचललं आणि विचारलं, हा आंबा कुठल्या बागेतला? कागदपत्रं शोधत, फोन करत उत्तर मिळायला ६ दिवस, १८ तास आणि २६ मिनिटं लागली. तीच माहिती ब्लॉकचेनवर ठेवल्यावर उत्तर २.२ सेकंदांत आलं. आज दिवसभरात जे निबंध वाचले जाणार आहेत, त्यांतल्या बहुतेकांत हा आकडा आहे. २०१८ च्या वसंतात अमेरिकेत युमा भागातल्या रोमेन लेट्यूसमधून ई-कोलाय जिवाणूची साथ पसरली, २१० माणसं आजारी पडली, ५ दगावली. दोष नेमका कोणत्या शेतात आहे हे वेळेत कळेना, तेव्हा त्या सगळ्या भागातला पाला खाऊ नका, असं लोकांना सांगावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात वॉलमार्टनं पालेभाजीच्या पुरवठादारांना ब्लॉकचेनवर येण्याचं पत्र धाडलं. दुसरीकडे, जहाजवाहतुकीसाठी मर्स्क आणि आयबीएम यांनी उभारलेलं ट्रेडलेन्स हे ब्लॉकचेनचं व्यासपीठ २०२३ च्या सुरुवातीला बंद झालं. आपल्याकडे कॉफी बोर्डानं २०१९ मध्ये ब्लॉकचेनवरची बाजारपेठ प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. मसाला मंडळानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर २०२१ मध्ये आंध्रातल्या मिरची आणि हळदीसाठी करार केला. आपल्या राज्यात वखार महामंडळाच्या पावतीवर शेतकऱ्याला तारण कर्ज देण्यासाठी हे तंत्र वापरलं गेलं, आणि माझ्या मते ते चांगलं चाललं. आढावा इथे संपला.

सभागृहात कॉलेजचे विद्यार्थी दिसताहेत, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. गावच्या तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होते तेव्हा जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात आणि नव्या नोंदीला पुढचा क्रमांक देतात. ब्लॉकचेन हे तसंच फेरफाराचं दप्तर, फरक इतकाच की त्याची एकेक प्रत सगळ्या संबंधितांकडे असते आणि प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा गणिती ठसा असतो. मागची एक ओळ कुणी गुपचूप बदलली तर पुढचे सगळे ठसे चुकतात आणि लबाडी उघडी पडते. म्हणजे हे तंत्र राखण करतं ती नोंदीची. नोंद पहिल्यांदा लिहिताना जे लिहिलं ते खरं होतं का, याच्याशी त्याचा संबंध नाही. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि निबंध लिहिताना सगळे ती विसरतात.

आता माझ्या विषयाकडे येते.

माझं सगळं आयुष्य अंधेरीच्या एमआयडीसीतल्या प्रयोगशाळांमध्ये गेलं. माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेतून बाहेर पडले आणि कीटकनाशकांचे अंश शोधण्याच्या कामाला लागले, ते आजतागायत. त्यातला मोठा भाग द्राक्षांचा. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांतली द्राक्षं मी इतकी कुटली, गाळली आणि यंत्रात घातली आहेत की फेब्रुवारी उजाडला की आजही हात आपोआप कामाला लागतात.

२००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मिथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश सापडले. युरोपभर इशारा गेला आणि आपला बाजार हातचा जाण्याची वेळ आली. तेव्हा या देशानं जे करून दाखवलं त्याचा मला आजही अभिमान आहे. कृषिमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण असलेल्या अपेडानं पुढाकार घेतला, मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र संदर्भ प्रयोगशाळा म्हणून उभं राहिलं, राज्याचा कृषी विभाग बागांची नोंदणी करू लागला आणि २००६ च्या सुमारास ग्रेपनेट नावाची संगणकप्रणाली सुरू झाली. प्रत्येक निर्यातक्षम बागेला क्रमांक. शेतकऱ्याची फवारणीची नोंदवही. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत जाऊन नमुना घेणार. अंश मर्यादेबाहेर आला तर ती बाग संगणकात अडवली जाणार, तिथला माल कुठलंही पॅकहाऊस निर्यातीसाठी घेऊ शकणार नाही. न्हावा शेव्याहून निघालेला कंटेनर रॉटरडॅमला उघडला की तिथला तपासनीस पेटीवरचा क्रमांक बघून निफाड तालुक्यातली एक-दीड एकराची बाग दाखवू शकतो. ब्लॉकचेन ज्यातून आली त्या बिटकॉइनचा मूळ लेख २००८ चा, म्हणजे ब्लॉकचेन हा शब्द कुणाच्या कानावर येण्याआधी महाराष्ट्रातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांनी हे करून दाखवलं होतं. पुढे डाळिंबासाठी अनारनेट झालं, आंब्यासाठी मँगोनेट, भाजीसाठी वेजनेट.

या यशाची एक दुसरी बाजू आहे आणि ती मला सलते आहे.

एका हंगामात निर्यातीच्या एका बागेचा नमुना आमच्याकडे नापास झाला. अहवाल संगणकात चढवला, बाग अडवली गेली. नियमाप्रमाणे सगळं झालं. दोन दिवसांनी त्या शेतकऱ्याचा फोन आला. मला वाटलं फेरतपासणीसाठी असेल. तो म्हणाला, ‘मॅडम, काळजी करू नका, माल लोकलला गेला. मुंबईचा व्यापारी आला होता, उभ्या बागेचा सौदा केला, काढणी झाली पण.’ त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. मला बरं वाटावं म्हणून तो सांगत होता, आपलं नुकसान फारसं झालं नाही म्हणून. त्या रात्री मी बोरिवली स्टेशनबाहेर उतरले तेव्हा हातगाडीवर दोन किलोच्या पेट्या रचलेल्या होत्या. त्या त्याच बागेतल्या होत्या असं मी म्हणत नाही. त्या कुठल्या बागेतल्या होत्या हे मला, त्या गाडीवाल्याला, वाशीच्या अडत्याला किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात बसणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाला, कुणालाही सांगता आलं नसतं.

मी काळजीपूर्वक बोलते आहे, कारण समोर माझ्याच धंद्यातली माणसं बसली आहेत. युरोपची मर्यादा ओलांडली म्हणजे फळ विषारी झालं असं नाही. पुष्कळ रसायनांना तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच सरसकट मर्यादा आहे, आपल्या मर्यादा वेगळ्या असू शकतात, आणि ती द्राक्षं आपल्या कायद्यात कदाचित बसलीही असती. पण बसत होती की नाही हे कुणी पाहिलं नाही. युरोपला जाणारा रस्ता बंद करण्याची आपली व्यवस्था आहे, मुंबईला जाणाऱ्या रस्त्यावर साधी चौकी नाही. एकच शेतकरी, एकच वेल, एकच नोंदवही. पेटी बोटीवर चढली तर तिला नाव, गाव, क्रमांक, अहवाल. तीच पेटी ट्रकमध्ये चढून घाटकोपरला आली की तिचं सगळं गोत्र पुसलं जातं. ही व्यवस्था आपल्याच माणसांनी, आपल्याच करांतून उभारली आणि तिचा लाभ ज्यांनी तिला एक पैसा दिला नाही त्यांना होतो. रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाला जे हक्कानं मिळतं ते बोरिवलीच्या गिऱ्हाइकाला का मिळू नये, हा माझा प्रश्न आहे. तो मी समित्यांत विचारला, बैठकांत विचारला, लेखी दिला. आज जाहीरपणे विचारते.

मला उत्तरं मिळाली नाहीत असं नाही. तीच ती तीन मिळतात आणि तिन्ही मला मान्य नाहीत.

पहिलं उत्तर: आपला शेतकरी लहान आहे, त्याला एवढी नोंद ठेवणं झेपणार नाही. हे ऐकलं की मला राग येतो. निर्यातीच्या बागा कुणाच्या आहेत? त्याच लहान शेतकऱ्यांच्या. एका खेपेला मी तपासणीला गेले असताना एकानं मला फवारणीची वही दाखवली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच शाईत, एकाच तिरक्या अक्षरात, कुठे डाग नाही, कुठे खाडाखोड नाही. सगळा हंगाम एका बैठकीत लिहिलेला. शेजारच्या बागेची वही मागितली तर तिच्यावर बोर्डो मिश्रणाचे निळे डाग, कोपरे भिजून फुगलेले, एका ठिकाणी ‘पाऊस, फवारणी पुढं ढकलली’ असं पेन्सिलीनं लिहिलेलं, आणि गोडी छाटणीच्या तारखेखाली मजुरांचा हिशेब. ती दुसरी वही मी डोळे मिटून खरी मानीन. शेतकऱ्याला नोंद ठेवता येते. नोंद मागणारं कुणीतरी असावं लागतं आणि मागणाऱ्याला वही वाचता यावी लागते.

या वह्यांच्या निमित्तानं गेल्या दोन परिषदांत गाजलेल्या वादाविषयीही बोलते. हातानं भरलेल्या नोंदी भरवशाच्या नाहीत, म्हणून सगळं सेन्सरवर सोपवावं, असं एक मत आहे. माझे तरुण सहकारी ते हिरिरीनं मांडतात. त्यांना मी एका कंटेनरची हकीकत सांगते. तापमानाची नोंद करणारा लॉगर आत होता, सबंध प्रवासाचा आलेख सपाट, एक अंशाचाही चढउतार नाही. पोचल्यावर दाराकडच्या पॅलेटमधल्या घडांचे देठ सुकून तपकिरी पडलेले. लॉगर ठेवला होता गार हवेच्या झोताला अगदी लागून असलेल्या पेटीत. यंत्र खोटं बोललं नाही, त्याला जिथे बसवलं तिथलं त्यानं खरं सांगितलं. तो आलेख ब्लॉकचेनवर चढवला असता तर जगाच्या अंतापर्यंत कुणाला बदलता आला नसता. म्हणून या वादात मी कुणाच्या बाजूची नाही. सेन्सर हवा आणि तो कुठे बसवला हे पाहणारा माणूसही हवा.

दुसरं उत्तर: भारतीय गिऱ्हाईक यासाठी पैसे मोजणार नाही. देवगडला विचारा. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं, पण त्यानं भेसळ थांबली नाही. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत घालून विकला जातो हे उपनगरातल्या प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. तेव्हा २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं फळावर लावायची, फाडल्याशिवाय निघत नाही अशी क्रमांकाची चिकटपट्टी आणली. खरेदीदारानं मोबाइलवरून क्रमांक पडताळायचा. मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही वाटते की शेतकऱ्याला पट्ट्या मिळतात त्या त्याच्या झाडांच्या संख्येच्या हिशेबानं. देवगडात जेवढा आंबा पिकतो त्याहून जास्त देवगड हापूस बाजारात येऊ शकत नाही. मागोव्याचा प्राण हा आहे. आवक आणि जावक यांचा ताळा जुळला पाहिजे. तो जुळवायची तयारी नसेल तर कितीही झगमगीत क्यूआर कोड छापा, एकच कोड शंभर पेट्यांवर लागेल. आणि लोक अशा आंब्याला दोन पैसे जास्त मोजतात, हे मार्च ते मे कुठल्याही बाजारात उभं राहून बघता येतं.

तिसरं उत्तर वाशीच्या फळबाजारातल्या एका जुन्या गाळेवाल्यानं मला दिलं आणि ते एकच प्रामाणिक होतं. तो म्हणाला, ‘ताई, माझ्या शेतकऱ्याचं नाव पेटीवर टाकलं तर उद्या गिऱ्हाईक थेट त्याच्या बांधावर जाईल. मग मी काय करू?’ हमाली, तोलाई, वाराई, उधारी, नासका माल, हे सगळं तो सोसतो, आणि त्याच्याकडे जपायला एकच ठेवा असतो: कुणाचा माल कुठून येतो ही माहिती. ती त्यानं फुकट द्यावी असं आपण म्हणतो आणि तो देत नाही म्हणून त्याला नावं ठेवतो.

या ठिकाणी ब्लॉकचेनवाल्या मित्रांनी माझं बोलणं नीट ऐकावं, कारण मी त्यांच्या बाजूनं बोलणार आहे. निर्यातीत सगळ्यांचा ज्याच्यावर विश्वास आहे असा एक धनी होता, अपेडा. त्याच्या एका संगणकावर सगळ्यांनी नोंदी ठेवल्या, काम भागलं, ब्लॉकचेन लागली नाही. आपल्या देशी बाजारात असा धनी नाही. शेतकऱ्याचा अडत्यावर भरवसा नाही, अडत्याचा बाजार समितीवर नाही, समितीचा प्रशासनावर नाही. दप्तर कुणाच्या कपाटात ठेवायचं यावरच गाडी अडते. जिथे एकमेकांवर विश्वास नसलेल्या अनेकांना मिळून एक दप्तर ठेवायचं आहे, अगदी त्याच अडचणीसाठी हे तंत्र निघालं. गाळेवाल्याचा शेतकरी त्याच्या स्पर्धकाला दिसणार नाही, अन्न निरीक्षकाला मात्र गरज पडताच दिसेल, अशी रचना त्यात करता येते. म्हणजे जिथे ब्लॉकचेनची खरी गरज आहे ते ठिकाण वाशी आणि कल्याणचा बाजार. आणि आपण तिचे प्रयोग कुठे करतो? जिथे आधीच सगळं शिस्तीत आहे त्या निर्यातीच्या मालावर, महागड्या कॉफीवर, परदेशी जाणाऱ्या मसाल्यावर. दिखाऊ पाकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो दिसतो. त्या फोटोनं कुणाच्या पोटातलं काही टळत नाही.

दुधाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. गोरेगावची आरे कॉलनी १९४९ साली उभी राहिली, तबेले शहराबाहेर न्यायचे आणि मुंबईला निर्मळ दूध द्यायचं या हेतूनं. आमच्या लहानपणी आरेच्या केंद्रावर पहाटे कार्ड दाखवून रिकाम्या बाटल्या द्यायच्या आणि पत्र्याच्या झाकणाच्या भरलेल्या घ्यायच्या. झाकण फाटलेलं असेल तर माझी आई बाटली परत करायची आणि केंद्रावरची बाई निमूट दुसरी द्यायची. आता पिशव्या आहेत, नामांकित डेअऱ्यांच्या, तारीख आणि बॅच छापलेल्या. आणि अंधेरीपासून मालाडपर्यंत उपनगरांतल्या खोल्यांमधून पहाटे छापे पडतात तेव्हा काय सापडतं? ब्लेड, मेणबत्ती किंवा स्टोव्ह, बादलीभर पाणी आणि रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा. पिशवीचा कोपरा कापायचा, थोडं दूध काढायचं, तेवढं पाणी घालायचं, ज्योतीवर कोपरा पुन्हा चिकटवायचा. सकाळी सहाला ती पिशवी सोसायटीच्या दाराला लटकलेली असते. तिच्यावरचा कोड स्कॅन करा, सगळं बरोबर येईल. डेअरी खरी, तारीख खरी, बॅच खरी. पिशवी खरी आहे, आतलं दूध बदललेलं आहे. साखळीची शेवटची कडी वितरकाच्या टेम्पोपाशी संपते आणि लबाडी तिथून पुढे, टेम्पो आणि दार यांच्यामधल्या दोन तासांत होते.

आणि साखळी जशी लवकर संपते तशी ती उशिरा सुरूही होते. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले. ज्याला आपण भेसळ म्हणतो ती फक्त १२ नमुन्यांत निघाली, आणि वर्तमानपत्रांनी हुश्श केलं. पण ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेबाहेर होतं. हे विष कुणी दुधात ओतत नाही. बुरशी लागलेल्या पेंडेतून आणि चाऱ्यातून ते जनावराच्या पोटात जातं आणि दुधात उतरतं. उकळून जात नाही. दूध संकलन केंद्रावरच्या कॅनपासून पहिली नोंद सुरू करणारी कुठलीही साखळी त्याला पकडू शकत नाही, कारण दोष त्याआधी गोठ्यात, गव्हाणीत घडलेला असतो. ब्लॉकचेनचं चित्र काढताना आपण डावीकडे गायीचं चित्र काढतो. त्याच्याही डावीकडे पेंडेचं पोतं काढायला हवं.

हीच गोष्ट २०१० साली द्राक्षांत घडली आणि ती आमच्या पिढीनं फार महाग मोल देऊन शिकली. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड सापडलं. शेतकरी त्याला लिहोसिन म्हणतात. वेलीची वाढ आवरायला खरड छाटणीनंतर ते वर्षानुवर्षं वापरलं जात होतं आणि लाकडात मुरून पुढच्या घडांत उतरत होतं. मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. बंदरांत कंटेनर अडकले, माल पडून राहिला, कर्ज काढून बाग उभी केलेली माणसं हवालदिल झाली. मागोव्यात त्रुटी नव्हती. प्रत्येक पेटीची बाग ठाऊक होती, प्रत्येक नोंद जागच्या जागी होती. पण ज्या रसायनांची तपासणी करायची त्या यादीत हे एक नाव नव्हतं. यादीत नव्हतं म्हणून कुणी शोधलं नाही, शोधलं नाही म्हणून सगळे अहवाल स्वच्छ आले. पुढच्या हंगामात नाव यादीत चढलं. तेव्हापासून कुणी मला ‘न बदलता येणारी नोंद’ असं म्हटलं की मी एवढंच विचारते: तपासलं काय होतं?

तेव्हा आज निबंध वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे की नोंदीच्या राखणीवर जेवढी पानं खर्च करता, तेवढीच तपासणीवर करा. आपला २००६ चा अन्नसुरक्षा कायदा २०११ पासून लागू आहे. त्याप्रमाणे निरीक्षकानं घेतलेल्या नमुन्याचे चार भाग होतात, अन्न विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस मिळतात. ज्या दुधाचा नमुना घेतला ते दूध त्याच संध्याकाळी पिऊन झालेलं असतं. माल परत मागवण्याचे २०१७ चे नियम आहेत, पण वाटीभर पालक कुठून परत मागवणार? मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या रुळांलगत, अधिक धान्य पिकवा या जुन्या योजनेखाली दिलेल्या पट्ट्यांवर पिकलेली भाजी वर्षानुवर्षं उपनगरांत विकली गेली. शेजारच्या नाल्याचं पाणी तिला दिलं जातं, हे गाडीच्या खिडकीतून लाखो लोक रोज बघत होते. ती जुडी बाजारात पोचली की नाशिकच्या पालकाच्या जुडीत मिसळायची. एकदा मिसळल्यावर तिचा मागोवा घ्यायला जगातलं कुठलंही तंत्र अपुरं आहे.

संयोजकांनी पुढच्या कामाचा आराखडा मागितला आहे. तपशील समितीनं ठरवावेत, मी दिशा सांगते. एक फळ, एक बाजार, एक हंगाम, एवढ्यावर सुरुवात करावी. फळ द्राक्ष असावं, कारण तिथे बागांचे क्रमांक तयार आहेत. गाळेवाल्यांना पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्यावं, त्यांची भीती खरी आहे हे मान्य करून. उपनगरांतल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना काही सोप्या चाचण्या वाटून देता येतील का, हे तपासावं. दुधाच्या बाबतीत सोसायट्यांनी पिशवीचा कोपरा बघायला शिकावं. मूळची वेल्डिंग सरळ आणि एकसारखी असते, ज्योतीवर चिकटवलेला कोपरा चुरगळलेला, किंचित काळपट दिसतो. हे घरोघरी दाखवायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. ब्लॉकचेनवर काम करणाऱ्या तरुणांनी यातल्या कुठल्याही कामात सामील व्हावं. त्यांना वाशीच्या गाळ्यांवर घेऊन जायला मी तयार आहे, मात्र पहाटे चारला निघावं लागेल.

आणि एक ठराव मी स्वतः मांडते आहे, दुपारच्या सत्रात तो मतास टाकावा. कृषी विभागाकडे निर्यातीसाठी नोंदलेल्या प्रत्येक द्राक्षबागेचा क्रमांक, त्या बागेतला माल देशात विकला जात असला तरी पेटीवर छापणं बंधनकारक करावं. आणि एखादी बाग अंशाच्या कारणावरून निर्यातीसाठी अडवली गेली, तर त्याची सूचना त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाला जावी, म्हणजे तो माल मुंबईत उतरण्याआधी आपल्या कायद्याच्या मर्यादेत आहे की नाही हे तपासता येईल. यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही, क्रमांकही आहेत आणि अहवालही आहेत. ठरावाच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो सत्रात उभं राहून सांगावा, मी उत्तर द्यायला थांबणार आहे.